लाल दोरी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन तारकर्लीला गेलो होतो. बोट किनाऱ्याला लागली, सगळे चढू लागले आणि मी मात्र चालवणाऱ्याच्या अंगाकडे बघत उभा. इंजिनाच्या लाल दोरीचं एक टोक स्विचमध्ये होतं. दुसरं त्याच्या अंगावर असायला हवं, ते सीटच्या दांडीला गाठ मारून ठेवलेलं.

"दादा, ही दोरी लावा, मग निघू."

तो हसला. "साहेब, वीस वर्षं बोट चालवतोय."

हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, हिंदीतून, ब्रह्मपुत्रेवर. तेव्हा मी गप्प बसलो होतो.

2012 चा जुलै. वरच्या आसामात पुराची ड्यूटी. मी मेजर, इंजिनिअर्सच्या एका कॉलमचा कमांडर. बोटींना 40 अश्वशक्तीचे ओबीएम, म्हणजे मागे लटकवायची इंजिनं. आमचा हवालदार कंपनीतला सगळ्यात पक्का चालक. पहिल्याच दिवशी त्याची दोरी मोकळी लोंबताना दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "साब, ये तो रंगरूटों के लिए है. पंद्रह साल से चला रहा हूँ." माणसं उचलताना दोरी मध्ये येते, हेही त्याने सांगितलं. मला पटलं. खरं सांगायचं तर, घाईत पटवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी एका चापोरीवरची माणसं बंधाऱ्यावर सोडून आम्ही परतत होतो. बोटीत चौघे. पाण्याखालून वाहत आलेल्या ओंडक्यावर बोट आदळली, मागची बाजू उडाली आणि हवालदार पाण्यात गेला. इंजिन चालूच. हँडल सुटलं तशी बोट आपोआप वळली, गोल फिरून थेट त्याच्यावर आली. दुसऱ्या फेरीत एका सॅपरने झेप घेऊन बटण दाबलं. तोवर पंख्याने त्याची डावी पोटरी फाडली होती. लाइफ जॅकेटमुळे बुडाला नाही. पाय वाचला, पण लो मेडिकल कॅटेगरी लागली आणि त्याची नायब सुभेदारी हुकली.

अहवालात मी लिहिलं, पुरात वाहत आलेल्या ओंडक्याची धडक. ओंडका खराच होता. दोरीचा उल्लेख मात्र मी केला नाही. हॉस्पिटलात पडलेल्या माणसावर ठपका कशाला, असं स्वतःला सांगितलं. त्याच्याबरोबर मी स्वतःलाही वाचवत होतो. परिणाम असा झाला की शेजारच्या कॉलमच्या बोटी दुसऱ्या दिवशीही तशाच निघाल्या, दोऱ्या लोंबत.

हे घडतं कसं, ते समजून घ्या. मोटारसायकलची मूठ सोडली की ॲक्सिलरेटर आपोआप मागे येतो. ओबीएमची मूठ बहुधा जिथे ठेवली तिथेच राहते. हात सुटला की पंख्याच्या पिळामुळे इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते, अगदी पडलेल्या माणसाभोवती. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3,200 वेळा फिरत असेल, तर सेकंदाला 160 घाव होतात. पोहण्यात कितीही तरबेज असलात तरी त्याचा इथे उपयोग नाही. 2013 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एका कुटुंबातले सहाही जण बोटीतून फेकले गेले. रिकामी बोट त्यांच्यातच फिरत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. किल कॉर्ड बोटीत होती, चालवणाऱ्याला लावलेली नव्हती.

अमेरिकेने 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान वेगवान बोटींना ही दोरी किंवा तसंच साधन वापरणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही, निदान वर्दीतल्या प्रत्येक बोटीवर, हा हुकूम असावा असं माझं ठाम मत आहे. लाइफ जॅकेटशिवाय बोट निघत नाही, तशीच दोरीशिवाय निघू नये.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. पहिला, दोरी चुकून निघाली आणि ऐन धारेत इंजिन बंद पडलं तर बोट पुलाच्या खांबावर जाईल. आक्षेप खरा आहे, पण उपाय सोपा. दुसरी क्लिप बोटीतल्या दुसऱ्या माणसाच्या खिशात हवी. ती तशीही लागतेच, कारण चालक पडला तर त्याची दोरी त्याच्याबरोबर जाते आणि क्लिपशिवाय त्याला आणायला परत फिरता येत नाही. क्लिप लावा, न्यूट्रल करा, स्टार्टर ओढा. डोळे मिटून जमेपर्यंत याचा रगडा काढायचा. दुसरा आक्षेप, माणसं उचलताना दोरी अडते. अहो, पाण्यात माणूस बोटीला लागून असताना पंखा फिरता असायलाच नको. त्या क्षणी दोरीने इंजिन बंद केलं, तर तिने तुमचंच काम केलं.

आता निवडीबद्दल. बिनतारी साधनंही मिळतात. चालकाच्या अंगावर छोटा ट्रान्समीटर, तो पाण्यात गेला की सिग्नल तुटतो आणि इंजिन थांबतं. मोठ्या बोटीवर, जिथे चालकाला उठून फिरावं लागतं, तिथे ती चांगली. पण बॅटरी आली की ती चार्ज करणारा माणूस आला. पुराच्या ड्यूटीवर मी साधी दोरीच घेईन. स्प्रिंगसारखी वळवलेली, भडक लाल, आणि त्याच इंजिनाच्या कंपनीची, कारण प्रत्येक मेकची क्लिप वेगळ्या आकाराची असते. स्टोअरमधून "चालून जाईल" म्हणून उचललेली क्लिप धक्क्याने निघेलच असं नाही, किंवा उगाच निघेल. उन्हाने प्लास्टिक कडक झालं, तडा दिसला, की फेकून द्या. लांबी वाढवायला सुतळी जोडू नका. ओल्या मनगटावरून फास निसटतो, म्हणून मांडीभोवती घेऊन तिचीच कडी तिच्यात अडकवा, किंवा जॅकेटच्या पक्क्या पट्ट्याला लावा. झिपला किंवा बटणाला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच पेट्रोल ओबीएममध्ये हा स्विच इग्निशनला अर्थ देऊन इंजिन मारतो. म्हणजे स्विचची तार गंजून तुटली, तर इंजिन मजेत चालतं आणि दोरी नुसती शोभेची उरते. बिघाड झाल्याचं कळतच नाही. म्हणून रोज शेवटी इंजिन बटणाने बंद न करता दोरी ओढून बंद करा. रोजची तपासणी आपोआप होते, सवयही लागते.

एनडीएत असताना पीकॉक बे मध्ये शिडाची बोट उलटली की उस्ताद काठावरून ओरडायचे, बोट सोडू नका, धरून राहा. शिडाच्या बोटीला ते ठीक आहे. इंजिनाच्या बोटीला उलट शिकवावं लागतं: तू पडलास तर बोटही थांबली पाहिजे. आणि हे आधी अधिकाऱ्याने स्वतःच्या मांडीवर करून दाखवायचं. जवान आपलं ब्रीफिंग विसरतील, आपली मांडी बघतील.

हवालदार साहेबांचा दर दिवाळीला फोन येतो. यंदा हा लेख लिहितोय असं सांगितलं, अहवालात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "लिख दो साब. मेरा भी लिख दो कि मैंने नहीं बाँधी थी."

म्हणून लिहिलं, बारा वर्षं उशिरा. आणि हो, तारकर्लीच्या त्या दादांनी शेवटी दोरी मांडीला लावली. मुलीने लावायला मदत केली. मग निघालो.