प्रभुभोजन आणि उपाशी भाऊ

इसवी सन 55च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले, ते उपासना चुकवल्याबद्दल नव्हे. मंडळी जमत होती. पण प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा जेवणाला प्रभुभोजन म्हणायला पौल तयार नव्हता. निष्ठा हजेरीवर मोजणाऱ्या आपल्याला हा निवाडा झोंबलाच पाहिजे. तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे, मग आचरणावर इतका भर का, असे कुणी विचारील. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा हा आधार खराच आहे. पण तिथलेच दहावे वचन सांगते की आपल्याला सत्कृत्यांसाठी घडवले आहे. सत्कृत्ये ही तारणाची किंमत नव्हे, ती त्याचे फळ आहेत. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आसरा दिला, आणि केडगावला बायबलचे मराठी भाषांतरही केले. त्यांच्या लेखी प्रार्थना आणि भाकरी वेगळ्या नव्हत्या.

मग घरीच नीट वागले तर मंडळी कशाला? पौलाने करिंथकरांना मंडळी मोडायला सांगितले नाही. एकमेकांसाठी थांबायला सांगितले. पुढच्या प्रभुभोजनाआधी आपल्या मंडळीत कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, याची चौकशी करा.