हमीचा कस

फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली आणि जूनमध्ये स्टालिनने पश्चिम बर्लिनचे रस्ते व रेल्वेमार्ग रोखले. महायुद्धाने खंगलेल्या पश्चिम युरोपला स्वबळावर तग धरणे अवघड होते. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी अमेरिकेला गळ घातली आणि ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. ‘नाटो’ जन्मली ती अशी भयापोटी.

एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला, हे पाचवे कलम कराराचा प्राण आहे. मात्र सैन्यच धाडा, असे ते सांगत नाही. ज्याला जी कृती आवश्यक वाटेल ती त्याने करावी, एवढेच बंधन. युद्धाचा निर्णय अमेरिकी सिनेटला काँग्रेसच्या हातून जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून ही मोकळीक. सहाव्या कलमाने तर कराराची हद्दही आखून दिली. पोर्तुगाल संस्थापक सदस्य. पण गोवा त्या हद्दीबाहेर. त्यामुळे डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा नाटो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या मदतीला धावली नाही.

कागदावर इतकी मोकळीक असूनही करार टिकला तो परस्परविश्वासावर. १९६६ मध्ये अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढले, तरी करार मोडला नाही. पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले, ते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी. सुमारे ६० लाख वस्तीच्या डेन्मार्कने अफगाणिस्तानात ४० हून अधिक सैनिक गमावले. त्याच डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलँडसाठी बळ वापरणार नाही, एवढे आश्वासन द्यायलाही डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला.

युरोपने संरक्षणाचा भार वर्षानुवर्षे अमेरिकेवर टाकला, ही तक्रार रास्तच आहे. २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्चाचे उद्दिष्ट नाटोच्या हेगमधील परिषदेत ठरले. ते युरोपने पाळायलाच हवे. युक्रेनवरील आक्रमणानंतर फिनलंड आणि स्वीडन आले, सदस्यसंख्या ३२ झाली. हे देश आले ते अमेरिकेच्या शब्दावर विसंबून. तो शब्द वॉशिंग्टनने निःसंदिग्धपणे पुन्हा द्यावा. मित्राच्याच भूमीवर डोळा ठेवणाऱ्याच्या हमीला शत्रू भीक घालणार नाही.