नसबंदीचे दालन कुठे आहे?

आणीबाणीचे संग्रहालय व्हावे, अशी मागणी हल्ली अधूनमधून कानावर येते. व्हायलाच हवे. केंद्र सरकारने २०२४ साली २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला. महाराष्ट्रात मिसाबंदींना २०१८ साली मानधन सुरू झाले, २०२० साली दुसऱ्या सरकारने ते बंद केले, २०२२ साली तिसऱ्याने पुन्हा चालू केले आणि २०२५ साली दुप्पट केले. महिन्याहून अधिक तुरुंगवास झालेल्यास आता दरमहा वीस हजार रुपये मिळतात. तुरुंग भोगलेल्या म्हाताऱ्या माणसाला चार पैसे मिळाले तर कुणाच्या पोटात दुखू नये. माझ्याही दुखत नाही. पण ज्याला तुरुंगात नेले नाही, ऑपरेशनच्या टेबलावर झोपवले, त्याचे काय?

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यू शाह आयोगाने नोंदवले. या माणसांना कुणी मानधन दिले? त्यांचे कोणते स्मारक आहे? आणि हे सारे दिल्लीच्या तुर्कमान गेटलाच झाले, असे समजून आपण महाराष्ट्रातली माणसे हात झटकू नयेत. तीन अपत्यांनंतर सक्तीने नसबंदी आणि न ऐकणाऱ्याला कैद, असे विधेयक १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. त्याच वर्षीच्या जानेवारीत बार्शीला, गावात कामासाठी आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत कोंबून नेले होते.

आमचे वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी सगळ्यांना 'केसेस' आणायच्या असत. केस म्हणजे माणूस. माझे एक मामू शिक्षक होते. दोन केसेस आणल्याशिवाय पगार निघणार नाही, असे त्यांना वरून सांगण्यात आले. पगार निघाला. पण ते कुणाला घेऊन गेले, हे मामूंनी मरेपर्यंत घरात सांगितले नाही. कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या कुठल्याही मोहल्ल्यात, कुठल्याही तांड्यावर जुन्या माणसाला 'केस' हा शब्द विचारून पाहा. आणि हे फक्त मुसलमानांवर झाले, असे म्हणणे खोटे आहे. बार्शीचे शेतकरी काय, सगळीकडचा दलित, आदिवासी, मजूर काय, ज्याच्यामागे कुणी बोलणारे नव्हते तो गाडीत चढवला गेला. मात्र हरियाणातल्या उटावड या मेव मुसलमानांच्या गावाला १९७६च्या नोव्हेंबरात पोलिसांनी पहाटे वेढा घातला, हेही खरे आहे, आणि ते त्या संग्रहालयात लिहिलेले असले पाहिजे.

लिहिले जाईल का? मला शंका आहे, आणि ती बुडापेस्टमुळे आहे. हंगेरीच्या या राजधानीत आंद्राशी रस्त्यावर साठ क्रमांकाची इमारत आहे. आधी तिथे फॅसिस्ट ॲरो क्रॉस पक्षाचे ठाणे होते, मग कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांचे. २००२ साली तिचे 'दहशतीचे घर' नावाचे संग्रहालय झाले. चौकात रणगाडा, भिंतीवर बळींचे फोटो, तळघरात कोठड्या. कम्युनिस्ट राजवटीचे अत्याचार खरेच होते. पण दालने मोजली तर बहुतेक त्याच राजवटीची, फॅसिस्टांच्या वाट्याला मोजकीच. १९४४ साली अवघ्या काही आठवड्यांत चार लाखांहून अधिक ज्यू हंगेरीतून गाड्यांत भरून नेले गेले, बहुतेक ऑश्विट्झला. ते काम तिथल्याच अधिकाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या हातांनी झाले. त्या हातांबद्दल हे घर फारसे बोलत नाही, अशी टीका अभ्यासक सुरुवातीपासून करत आले आहेत. उद्घाटन झाले तेही निवडणुकीच्या तोंडावर. घर दहशतीचे, पण दहशत कुणाची दाखवायची हे सरकार ठरवणार.

आपल्याकडेही तसेच होईल. मोठ्या नेत्यांच्या कोठड्या, त्यांचे चष्मे, त्यांची पत्रे. कऱ्हाडच्या १९७५च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गाबाई भागवतांचा फोटो, तो तर हवाच. पण ४ जुलै १९७५ला रा. स्व. संघाबरोबर जमाअत-ए-इस्लामीवरही बंदी आली होती आणि अनेक तुरुंगांत हे दोघे एकाच भिंतीआड होते, हे तिथे येईल? मला तो फलक पाहायची फार उत्सुकता आहे.

मतपेटीचाही फलक लावा. १९७७ साली उत्तरेत काँग्रेस साफ झाली. आमच्या वाशिमने मात्र काँग्रेसच्याच वसंतराव नाईकांना लोकसभेत पाठवले. का, याचा अभ्यास आपण कधी केला नाही.

आपल्या लोकांनाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. १९९१च्या युद्धात आपल्या कितीतरी घरांत, पानटपऱ्यांवर सद्दाम हुसेनचा फोटो लागला होता. त्याच सद्दामच्या गुप्त पोलिसांच्या सुलेमानियातल्या इमारतीत आता संग्रहालय आहे. त्याच्या एका दालनात आरशाचे एक लाख ब्याऐंशी हजार तुकडे लावले आहेत, एकेका कुर्द बळीमागे एक. मारणारेही कलमा पढणारे, मरणारेही. फोटो उतरवताना आपल्यातल्या किती जणांनी त्या कुर्दांची आठवण काढली?

आणि आणीबाणीची हद्द १९७७ला संपते, असे कुणी सांगू लागले तर त्यालाही अडवा. मिसा गेला, पण १९८५ला टाडा आला, पुढे पोटा आला, यूएपीए अधिक कडक झाला. २००६च्या मालेगाव स्फोटात (आमच्या जिल्ह्यातले मालेगाव नव्हे, नाशिकचे) पकडलेल्या नऊ मुसलमानांपैकी बहुतेकांना जामिनावर सुटायला पाच वर्षे लागली. २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. पकडले तेव्हा राज्यात आणि केंद्रातही सरकार काँग्रेस आघाडीचे होते, हे विसरायचे नाही.

संग्रहालय उभारणे अवघड असते, असे म्हणू नका. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाचे नंगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ला उघडले. आपल्याकडे इमारत नसली तरी चालेल, माणसे आहेत. पण १९७६ साली तिशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसायला कोणत्या गावात कोण जाणार, हे येत्या रमजानच्या आत ठरले पाहिजे.