युरोपीय संघाची मुखत्यारी

ज्या 27 राष्ट्रांची सैन्ये वेगळी, खजिने वेगळे आणि परदेशांतील वकिलातीही वेगळ्या, ती राष्ट्रे जगाशी व्यापाराचा तह करताना मात्र एकमुखाने बोलतात. आणि त्या मुखाने कोठपर्यंत बोलावे हे कोणा राष्ट्रप्रमुखाच्या मर्जीने नव्हे, तर न्यायासनापुढे ठरते, हे युरोपीय संघाचे खरे वैशिष्ट्य होय. संघाच्या बाह्य संबंधांचा हा कायदा शुष्क समजून आपल्याकडील धुरीण त्याकडे सहसा फिरकत नाहीत. ही उपेक्षा भारताला परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1957 च्या रोमच्या तहाने सहा राष्ट्रांचे व्यापारी धोरण एक केले. परंतु इतर विषयांत बाहेरच्यांशी करार कोणी करावा, याविषयी तो तह बहुतांशी मौन होता. मालमोटारीच्या चालकांनी किती तास वाहन चालवावे आणि किती विश्रांती घ्यावी, यासंबंधी त्या तहाने स्थापिलेल्या युरोपीय आर्थिक समुदायाने, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वावताराने, 1969 मध्ये समान नियम केले. असे असूनही त्याच विषयावर बाहेरील राष्ट्रांशी चाललेली वाटाघाट पुढील वर्षी मंत्रिपरिषदेने सदस्यराष्ट्रांच्याच हाती ठेवली, तेव्हा समुदायाचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने तिच्यावर समुदायाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयात दावा गुदरला. 31 मार्च 1971 रोजी तो फेटाळला गेला. तथापि समुदायाने जेथे समान नियम केले, तेथे त्यांना बाध आणणारे बंधन परराष्ट्राशी पत्करण्याचा अधिकार सदस्यराष्ट्रांना उरत नाही, हे तत्त्व त्याच निवाड्याने प्रस्थापित केले. तहात अक्षरशः न लिहिलेला अधिकार अशा रीतीने अर्थापत्तीने निष्पन्न झाला, आणि 1 डिसेंबर 2009 रोजी अंमलात आलेल्या लिस्बनच्या तहाने त्याला लेखी रूप दिले.

पण ज्या न्यायालयाने ही मुखत्यारी विस्तारली, त्यानेच तिची हद्दही आखली. सिंगापूरशी ठरलेला व्यापक करार संघ एकट्याच्या सहीने करू शकतो काय, या प्रश्नावर 16 मे 2017 रोजी दिलेल्या मतात त्याने सांगितले की, जवळजवळ सर्व विषय संघाच्या अनन्य अधिकारातले आहेत. मात्र थेट नसलेली परकी गुंतवणूक आणि गुंतवणूकदार व राज्य यांच्यातील तंटे सोडविणारा लवाद, या दोन बाबींना सदस्यराष्ट्रांची संमती हवी. त्यानंतर त्या कराराचे दोन दस्तऐवज करण्यात आले आणि त्यांतील व्यापाराचा भाग नोव्हेंबर 2019 मध्ये अंमलात आला.

ही पद्धत संथ आहे, 2016 च्या ऑक्टोबरात बेल्जियममधील वालोनियाच्या विधिमंडळाने कॅनडाशी होणारा करार काही दिवस अडवून धरला, अशा संघाचा भरवसा कोणी धरावा, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला कुटुंबाच्या गरजेसाठी मिळकत गहाण टाकता येते, त्यापलीकडे सहदायादांची संमती लागते, आणि गरज खरी आहे की नाही याची चौकशी करणे हे कर्ज देणाऱ्या सावकाराचेही कर्तव्य असते. अधिकाराची मर्यादा जेथे आगाऊ ठाऊक असते, तेथे विलंब होईल, पण फसवणूक होणार नाही. ज्या लवादापुढे एखाद्या देशाच्या सरकारला जाब द्यावा लागणार, त्याला त्या देशाच्या लोकप्रतिनिधींची अनुमती असावी, यात अडवणूक नसून न्याय आहे.

भारताला हा कायदा परका नाही. आपल्याशी झालेल्या सहकार्य करारात मानवी हक्क, ऊर्जा, पर्यटन, संस्कृती इत्यादींची कलमे घालण्यास समुदायाला अधिकार नाही, अशी तक्रार पोर्तुगालने केली होती. 3 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याला युरोपचे दरवाजे बंद झाले, तेव्हा हापूस विकणारे लंडनचे व्यापारी कितीही अधीर असले, तरी त्या वेळी सदस्य असलेल्या ब्रिटनला ती बंदी एकट्याने उठविता आली नाही. पुढील वर्षाच्या आरंभी ती उठली, तीही सर्व संघाच्या निर्णयानेच. 2007 साली सुरू होऊन 2013 मध्ये थबकलेल्या भारत-युरोप वाटाघाटी जून 2022 मध्ये पुन्हा हाती घेतल्या गेल्या, त्या व्यापार, गुंतवणुकीचे संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशा तीन स्वतंत्र करारांसाठी. या विभागणीत सिंगापूरच्या प्रकरणाचा धडा स्पष्ट दिसतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, मुंबई-पुण्याच्या विधी महाविद्यालयांनी हा विषय अभ्यासक्रमात घ्यावा, व्यापारी मंडळांनी आणि निर्यातदारांच्या संघटनांनी त्यातील जाणकार पदरी बाळगावेत, आणि सरकारने प्रत्येक कलमासमोर ते ब्रुसेल्सच्या एका सहीने टिकेल की 27 राजधान्यांच्या संमतीची वाट पाहील, याची नोंद करून ती संसदेपुढे ठेवावी. करार करणाऱ्याची मुखत्यारी आधी तपासावी. अटींची घासाघीस त्यानंतर.