दोनदा दाबला की लागतो!

शिरूरला आमच्या चुलत दादाने शेडमध्ये स्वतः गाडी बांधलीये. जुन्या जीपची चॅसी, भंगारातलं इंजिन आणि गिअरबॉक्स, वेल्डिंग घरचं. परवा शनिवारी गेलो तर म्हणाला, "बस, न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड. मामांना दाखवून येऊ."

मी क्लच दाबला. गादीत पाय रुतावा तसा खाली गेला. पहिला गिअर टाकायला गेलो तर कर्रर्र!

"अरे, दोनदा दाब. दोनदा दाबला की लागतो."

आता हे वाक्य मला नवीन नाही. ऑफिसात आम्ही त्यालाच 'रीस्टार्ट करून बघ' म्हणतो :-) पण सर्व्हर अडकला तर फार तर शिव्या बसतात. इथे उसाच्या ट्रॉलीमागे गाडी गिअरमध्ये उभी आहे आणि क्लच पूर्ण सुटलाच नाही, तर गाडी आपोआप पुढे सरकणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 'दोनदा दाब' म्हणजे दुरुस्ती नव्हे, बिघाड झाकणं आहे.

कारण साधं आहे. हायड्रॉलिक क्लचमध्ये पायाचा जोर द्रवातून खालच्या सिलिंडरपर्यंत जातो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. लाइनमध्ये हवा राहिली की पेडलचा बराचसा प्रवास तिलाच दाबण्यात जातो.

मग बसलो एअर काढायला. दादा पेडलवर, मी गाडीखाली. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब!" "दाबलाय." निपल उघडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि मगच "सोड!" आधी पाय सोडला तर हवा परत आत. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. आणि नावात 'ऑइल' असलं तरी तिथे इंजिन ऑइल ओतायचं नाही, आतली रबरं फुगतात.

वीस वेळा केलं. बुडबुडे थांबले, पेडल मऊच! शेवटी टॉर्च मारला तेव्हा कळलं, दादाने सिलिंडर उलटा बसवलाय. निपल खाली. हवा वर जाणारी, ती खालच्या भोकातून कशी निघणार? बोल्ट काढले, दांडी दाबून धरली, निपल वर केला. भसकन हवा बाहेर आणि पेडल टणक.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली गाडी डिसेंबर २०२१ मध्ये खूप गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. आपण मात्र फक्त कौतुकाचा भाग फॉरवर्ड करतो. जुगाडाचं कौतुक मलाही आहे हो! पण 'वाह' म्हणणाऱ्याने एकदा पेडलही दाबून बघावं. दादाकडे आलेले सगळे नुसते फोटो काढून गेले होते.

असो. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही, हे सांगितल्यावर दादा अर्धा तास बोलला नाही. दौंडला माझ्या गाडीने गेलो. न्हावरं मागे पडल्यावर हळूच म्हणाला, "पण आता एकदाच दाबला तरी लागतो, हां!"