हौद आणि कविता

एक समीक्षक महाशय म्हणतात, नामदेव ढसाळच्या 'गोलपिठा'नं मराठी बाटवली. बाटवली! मी दौलताबादचा. हा शब्द आमच्या किल्ल्यानं ऐकलाय. १९३४ साली दारातल्या हौदावर बाबासाहेबांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले, तेव्हा हीच बोंब उठली. पाणी कुणी तपासलं नाही; हात कुणाचे, तेवढंच बघितलं.

महाशय, तुम्ही तरी कविता कुठं तपासलीत? १९७२ साली या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी अडलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. तुम्ही नुसतं नाक धरलंत. कामाठीपुऱ्यात बाई विकली जाते, ते चालतं. तिथली शिवी छापली की विटाळ! आधी तो बाजार उठवा. मग आमचे शब्द धुवायला या.