पगाराला बाहेरच्या, मदतीला आतल्या

मार्च २०२० मध्ये कंपनीने आम्हाला लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. पगारातला एक रुपयाही कमी झाला नाही. मेच्या सुरुवातीला मेल आला की कंपनीने कोविडसाठी मोठा निधी दिला आहे. सोबत पीपीई किट वाटतानाचे फोटो. बरं वाटलं. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशींचा फोन आला. "दादा, ऑफिस कधी चालू होणार?" ठेकेदाराने एप्रिलचा पगार दिला नव्हता.

मी एचआरला विचारलं. त्या आपल्या कर्मचारी नाहीत, ठेकेदाराच्या आहेत, असं उत्तर मिळालं. सीएसआर पाहणारा सहकारी म्हणाला, आपल्याच ऑफिसात काम करणाऱ्यांवर हा पैसा खर्च करता येत नाही. म्हणजे पगाराच्या वेळी मावशी बाहेरच्या आणि मदतीच्या वेळी आतल्या!

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. एरवी या पैशाला मंजुरी मिळायला महिने लागतात. साथीत मात्र नियम भराभर बदलले. २३ मार्च २०२० ला कोविडवरचा खर्च सीएसआर ठरला, २८ मार्चला पीएम केअर्समधली देणगीही. मुख्यमंत्री निधीला मात्र ही सवलत नाकारली, आणि सरकारी रुग्णालयं तर राज्यंच चालवत होती. हा भेद मला आजही पटत नाही.

आम्ही काही जण शनिवारी एका जिल्हा परिषद शाळेत संगणक शिकवायला जायचो. त्या उपक्रमाचं बजेट कोविडकडे वळलं. साथीत प्राधान्य बदलणार, हे मान्य. पण शाळा बंद पडल्यावर त्याच मुलांना फोन आणि डेटा हवा होता, त्यांचा विचार कोणी केला नाही.

१० एप्रिलचा सरकारी खुलासा मी नंतर शोधून वाचला. लॉकडाऊनमधला पगार हा सीएसआर नाही, ती मालकाची नैतिक जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलं आहे. हंगामी आणि रोजंदारी कामगारांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय अशा कामगारांना मजुरीच्या वर कोविडसाठी सानुग्रह रक्कम दिली, तर ती एक वेळचा अपवाद म्हणून सीएसआरमध्ये धरता येणार होती. संचालक मंडळाने तसं जाहीर करायचं आणि लेखापरीक्षकाने प्रमाणित करायचं, एवढीच अट होती. आमच्याकडे हा कागद कोणी उघडून पाहिला होता का, कोण जाणे. मीही मेमध्ये पाहिला नव्हता. आम्ही मजल्यावरच्यांनी वर्गणी काढून मावशींना दोन महिन्यांचं रेशन दिलं आणि तेवढ्यावर गप्प बसलो.

आता आमच्या सीएसआर अहवालात एक ओळ वाढवावी, अशी मागणी मी लेखी केली आहे: आपल्या आवारात ठेक्यावर किती माणसं काम करतात आणि काम बंद पडलं तर त्यांचा पगार कोण देणार. अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या ऑफिसातही विचारून पाहा.